१५ वर्षांनी एलियन परत आला, ग्राफिक्स नवे घेऊन आणि जोक जुनेच ठेवून

एका शेतात उडती तबकडी उतरते. त्यातून करड्या रंगाचा, मोठ्या डोक्याचा, बुटका एलियन बाहेर पडतो. समोर गायी चरत असतात. या ग्रहावर राज्य करणारा प्राणी हाच असणार, असं समजून तो गायीशीच बोलायला जातो. गाय हंबरते. एलियन वैतागतो.

कोल्हापूरकरांना यात त्याचं फार चुकलं असं वाटणार नाही. जिथं दिवाळी पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना मिरवतात, तिथं एखादा परग्रहवासी उतरला तर त्याचाही हाच समज होईल.

हा प्रसंग आहे 'डिस्ट्रॉय ऑल ह्युमन्स!' या व्हिडिओ गेममधला. सरळ मराठीत, 'सगळी माणसं संपवा!' २००५ साली हा गेम प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्सवर आला. पुढं तो बनवणारी कंपनी बंद पडली, विकणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तरीही २८ जुलै २०२० ला तोच गेम पायापासून नव्यानं बांधून परत आला.

जुना गेम नव्यानं बनवणं आता नवीन राहिलेलं नाही. पण हा गेम विनोदी आहे, आणि तिथंच खरी अडचण आहे. चित्र जुनं झालं की नवं काढता येतं. जोक जुना झाला की त्याचं काय करायचं?

गेममध्ये नेमकं घडतं काय?

एलियनचे बहुतेक गेम माणसाच्या बाजूनं असतात. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' बनवला, तेव्हापासून वरून एलियन येणार आणि खालून आपण गोळ्या घालणार हेच चालत आलं होतं. आपल्याकडं टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेमवर ज्यांनी 'कॉन्ट्रा' खेळलाय, त्यांनीही शेवटी एलियनच मारलेत. 'डिस्ट्रॉय ऑल ह्युमन्स!'नं बाजू उलटी केली. इथं एलियन तुम्ही आहात आणि मरणारी माणसं आहेत.

काळ १९५९ चा, देश अमेरिका. एलियनचं नाव क्रिप्टो-१३७. तो फ्युरॉन नावाच्या जमातीतला. या जमातीनं अण्वस्त्रांचा इतका वापर केला की किरणोत्सर्गानं त्यांची मुलं जन्माला घालायची क्षमताच गेली. आता ते स्वतःच्या प्रती काढून जगतात, म्हणून नावापुढं १३७ हा आकडा. पण झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर पुसट होत जातं, तसं त्यांचंही होतंय. उपाय माणसाच्या मेंदूत आहे, कारण फार पूर्वी फ्युरॉन सैनिक पृथ्वीवर मुक्काम करून गेले होते आणि त्यांचा अंश माणसात उतरलाय. तो डीएनए गोळा करायला क्रिप्टोला खाली पाठवलंय. वर यानात बसून हुकूम सोडणारा त्याचा साहेब म्हणजे ऑर्थोपॉक्स. साहेब आणि शिपाई यांच्यात जी खडाजंगी चालते, ती कुठल्याही ऑफिसात नोकरी केलेल्याला ओळखीची वाटेल.

खाली आल्यावर तुम्ही गायी, गाड्या, माणसं मनाच्या जोरावर उचलून भिरकावू शकता. कुणाचंही रूप घेऊन गावात फिरू शकता. तबकडीत बसून अख्खी वस्ती जाळू शकता. एका बंदुकीचं नाव आणि काम दोन्ही इथं सांगण्यासारखं नाही, एवढंच सांगतो की एलियननं पळवून नेलं म्हणणारे लोक ज्या तपासणीची तक्रार करायचे, तीच ती.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट मात्र मन वाचणं ही आहे. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात डोकावलं की त्याच्या मनात चाललेलं ऐकू येतं. बायकोपासून लपवलेलं काहीतरी, शेजाऱ्यावरचा संशय, कम्युनिस्टांची भीती, नव्या फ्रीजचं कौतुक. क्रिप्टो गावंच्या गावं उद्ध्वस्त करतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भलतंच कारण छापून येतं, बरेचदा कम्युनिस्टांचं कारस्थान. समोर तबकडी उडतेय, पण सरकार सांगतं ते खरं. गेमचा खरा निशाणा एलियनवर नाहीच, तो या भाबडेपणावर आहे.

त्यामागं खरा काळ आहे. १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलजवळ काहीतरी कोसळलं आणि उडत्या तबकड्यांचं वेड पसरलं. पुढच्या दशकात हॉलिवूडनं त्यावर ढीगभर सिनेमे काढले. १९५३ चा 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' चांगल्यातला, १९५६ चा 'अर्थ व्हर्सेस द फ्लाइंग सॉसर्स' त्यातल्या त्यात बरा, आणि बाकीचे बरेच असे की तबकडीला बांधलेली दोरी शोधायचा खेळ घरबसल्या खेळावा. शीतयुद्धात रशियाची जी धास्ती होती, ती या सिनेमांत एलियनचा मुखवटा घालून आली. 'डिस्ट्रॉय ऑल ह्युमन्स!' त्या सिनेमांची टवाळी आहे. १९९६ च्या टिम बर्टनच्या 'मार्स अटॅक्स!'ची ज्यांना आठवण येईल, त्यांची नाडी बरोबर लागली.

नावातला किडा

थोडं विषय सोडून. क्रिप्टोचं पूर्ण नाव क्रिप्टोस्पोरिडियम. हे एका खऱ्या परजीवीचं नाव आहे, दूषित पाण्यातून पोटात जाऊन जुलाब लावणाऱ्या. ऑर्थोपॉक्स हे देवीचा विषाणू ज्या गटात मोडतो त्याचं नाव. म्हणजे पृथ्वीवर हल्ला करणाऱ्या एलियनना गेम बनवणाऱ्यांनी रोगजंतूंची नावं दिली. एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या १८९८ च्या कादंबरीत मंगळावरून आलेले हल्लेखोर शेवटी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. इथं जंतूच हल्लेखोर झालेत.

आणि परग्रहावरचे जंतू हा विषय थेट कोल्हापूरशी येऊन भिडतो. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. 'प्रेषित'सारखी परग्रहावरून आलेल्याची गोष्ट त्यांनी मराठीत लिहिली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण जीवसृष्टीचं बियाणं अवकाशातून येत असावं का, हे तपासायला त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगही केला. २००१ मध्ये हैदराबादहून मोठा फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली आणि तिच्यात सूक्ष्मजीव शोधले गेले, त्या प्रयोगाचं नेतृत्व नारळीकरांकडं होतं. क्रिप्टोला कदाचित त्यांच्याशी बोलायला आवडलं असतं. निदान गायीपेक्षा बरं उत्तर मिळालं असतं.

बनवणारे गेले, नाव उरलं

अमेरिकेची इतकी टिंगल करणारा हा गेम अमेरिकेत बनलेला नाही. तो बनवला पँडेमिक स्टुडिओजच्या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शाखेनं. विकला टीएचक्यू या अमेरिकन कंपनीनं. २००६ मध्ये लगेच दुसरा भाग आला.

मग उतरण लागली. २००८ च्या सुरुवातीला पँडेमिक ही कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ताब्यात गेली आणि २००९ मध्ये बंद झाली. टीएचक्यूनं डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी तिच्या मालकीच्या गेमचा लिलाव झाला. घर लिलावात निघाल्यावर भांडीकुंडी ढिगानं विकतात, तसे अनेक गेमचे हक्क एकगठ्ठा नॉर्डिक गेम्सला मिळाले, त्यात हा एक. नॉर्डिकचं ऑफिस ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात. त्यांनी नंतर 'टीएचक्यू' हे नावसुद्धा विकत घेतलं आणि २०१६ पासून स्वतःलाच टीएचक्यू नॉर्डिक म्हणवून घेऊ लागले. बुडालेल्या दुकानाची पाटी विकत घेऊन आपल्या दुकानावर लावावी, तसं.

गेमच्या धंद्यात हे समजून घ्यायला हवं. गेम कुणी लिहिला, कुणी चित्रं काढली याला हक्काच्या कागदावर किंमत नसते. हक्क कंपनीचा, आणि कंपनी बुडाली की लिलावात बोली लावणाऱ्याचा. म्हणून ब्रिस्बेनमध्ये ज्यांनी क्रिप्टोला जन्माला घातलं, त्यांच्या हातात तो परत आणायचा की नाही हे ठरवणं नव्हतंच.

नव्यानं बांधायचं काम टीएचक्यू नॉर्डिकनं जर्मनीतल्या ऑफेनबुर्गच्या ब्लॅक फॉरेस्ट गेम्सकडं दिलं. ही मंडळी स्वतः एका बुडालेल्या कंपनीतून बाहेर पडलेली. स्पेलबाउंड एंटरटेनमेंट डबघाईला आल्यावर २०१२ मध्ये त्यांनी नवा संसार थाटला आणि पहिलंच नाव कमावलं ते 'जियाना सिस्टर्स' या १९८७ च्या जुन्या गेमला नवं रूप देऊन. जुनं पुन्हा उभं करायचा हात त्यांना होता. तर अमेरिकेवरची चेष्टा, बनवली ऑस्ट्रेलियात, परत बांधली जर्मनीत, पैसे ऑस्ट्रियाचे.

पोर्ट, रीमास्टर आणि रीमेक यातला फरक

सोशल मीडियावर हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. सिनेमाच्या उदाहरणानं सांगतो.

जुन्या रिळावरचा सिनेमा जसाच्या तसा डीव्हीडीवर उतरवला, की तो पोर्ट. तीच प्रिंट घेऊन ओरखडे काढले, आवाज साफ केला, की रीमास्टर. आणि तीच गोष्ट घेऊन नवा कॅमेरा, नवे सेट लावून पुन्हा शूटिंग केलं, की रीमेक. २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर जुना 'डिस्ट्रॉय ऑल ह्युमन्स!' आला होता, तो पोर्टच्या जातीचा. २०२० चा रीमेक.

रीमेक कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० साली मूकपट 'सैरंध्री' काढला. तेरा वर्षांनी, १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी तीच 'सैरंध्री' बोलपट म्हणून पुन्हा काढली, आणि तीही रंगीत करायच्या जिद्दीनं. रंगाची प्रक्रिया भारतात होत नव्हती म्हणून फिल्म जर्मनीला नेली. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि पहिल्या भारतीय रंगीत चित्रपटाचा मान पुढं १९३७ च्या 'किसान कन्या'कडं गेला. स्वतः पेंटर यांनीही आपला १९२५ चा गाजलेला मूकपट 'सावकारी पाश' १९३६ मध्ये बोलपट करून पुन्हा काढला. एकाच माणसानं, आपलीच गोष्ट, अकरा वर्षांनी, कारण मधल्या काळात सिनेमाला आवाज फुटला होता.

गेमचंही तसंच आहे. यंत्र बदललं की जुनी वस्तू मुकी वाटू लागते. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी होती ३२ एमबी. प्लेस्टेशन ४ ची ८ जीबी, म्हणजे २५६ पट. आज व्हॉट्सअॅपवर आलेला लग्नाचा एक व्हिडिओ ३२ एमबीपेक्षा मोठा असू शकतो. तेवढ्यात २००५ च्या टीमनं अख्खं गाव, गाड्या, माणसं, त्यांचे विचार आणि वरून तबकडी बसवली होती. म्हणून त्या गावात माणसं तुरळक दिसत आणि घरं ठोकळ्यासारखी.

मग जुना कोडच घेऊन त्यावर नवा रंग का चढवत नाहीत? एक तर जुना कोड त्या जुन्या यंत्राच्या मोजमापानं शिवलेला असतो. दुसरं, तो सापडायला हवा. कोनामीनं २०१२ मध्ये 'सायलेंट हिल'च्या दोन जुन्या भागांची नवी आवृत्ती काढली, तेव्हा काम करणाऱ्यांच्या हाती शेवटचा पक्का कोड न पडता अर्धवट अवस्थेतला कोड पडला, आणि एकदा सुधारलेल्या चुका पुन्हा सुधारत बसावं लागलं. 'किंगडम हार्ट्स' या प्रसिद्ध गेमच्या पहिल्या भागाचं मूळ साहित्य हरवल्यानं कितीतरी गोष्टी नव्यानं कराव्या लागल्या. पेंटरांची १९२० ची 'सैरंध्री' आज आपल्याला पाहता येत नाही. गेमचं वय तर सिनेमापेक्षा कितीतरी कमी आणि रिळं हरवायला सुरुवातही झाली.

हाताला नवं, कानाला जुनं

ब्लॅक फॉरेस्टनं अनरियल इंजिन ४ वापरून सगळं जग पुन्हा उभारलं. हे इंजिन म्हणजे गेमसाठीचं तयार वर्कशॉप समजा. प्रकाश कसा पडेल, वस्तू कशी आपटेल याची अवजारं आयती मिळतात. (पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' हा गेम याच इंजिनवर बनवला आणि तो १८ ऑगस्ट २०२० ला, म्हणजे क्रिप्टो परतल्यानंतर तीन आठवड्यांनी, बाजारात आणला. छोट्या टीमलाही मोठ्यांचीच अवजारं मिळतात, ही या धंद्यातली अलीकडची चांगली गोष्ट.)

टर्निपसीड फार्म, रॉकवेल, सांता मोडेस्टा, एरिया ४२ ही ठिकाणं तीच ठेवली. पण पिकं, पाट्या, माणसांचे चेहरे सगळं नवं आणि मुद्दाम कार्टूनसारखं. खरंखुरं दिसायच्या नादाला ते लागले नाहीत, हे माझ्या मते शहाणपणाचं. माणसाची कवटी उघडून मेंदू बाहेर काढायचा गेम जर हुबेहूब दिसला असता, तर हसू आलं नसतं, पोटात ढवळलं असतं.

खरा बदल हाताला जाणवतो. मूळ गेममध्ये एका वेळी एकच काम करता यायचं. मनानं माणूस उचललाय तर गोळी झाडता येत नव्हती. रीमेकमध्ये एकाला हवेत लटकवून दुसऱ्यावर गोळ्या झाडत, पाठीवरच्या जेटपॅकनं उडत राहता येतं. क्रिप्टो आता बर्फावर घसरल्यासारखा जमिनीवरून सरपटत वेग घेतो. समोरच्या वस्तूंचा दारूगोळा करून घेतो. तबकडी वर-खाली नेता येते. २००५ मध्ये खेळलेल्यांना सगळ्यात जास्त सुखावणारी गोष्ट हीच, कारण आठवणीतला क्रिप्टो असाच चपळ होता. प्रत्यक्षात तो नव्हता. चांगला रीमेक आठवणीची नक्कल करतो, मूळ वस्तूची नाही. मूळ वस्तू काढून बघितली तर बरेचदा निराशा होते.

मूळ गेममधून त्या वेळी गाळला गेलेला एरिया ४२ मधला एक भागही परत जोडला. एरिया ४२ म्हणजे अमेरिकेच्या गुप्त लष्करी तळाची, एरिया ५१ ची टवाळी.

आणि आवाज? क्रिप्टोचा आवाज जे. ग्रँट आल्ब्रेख्ट यांचा, खर्जातला, जॅक निकल्सनची आठवण करून देणारा. ऑर्थोपॉक्सचा आवाज रिचर्ड हॉर्विट्झ यांचा, चिरका. हे जुनेच ठेवले. चेहरे नवे, ओठांची हालचाल नवी, आणि त्यातून बाहेर पडणारं बोलणं २००५ चं. जोकही शब्दाला शब्द तेच.

जोक का बदलले नाहीत?

गेम सुरू होतानाच कंपनी एक सूचना दाखवते. आशय असा, की आतली गोष्ट आणि बोलणं जवळपास मूळ गेमसारखंच ठेवलंय, आजच्या मानवी मेंदूला त्याचा धक्का बसू शकतो. सूचनाही चेष्टेच्या सुरात, पण मुद्दा गंभीर.

कारण यातले विनोद दुहेरी जुने आहेत. पहिला थर १९५९ चा, म्हणजे घरकाम करणारी बायको, ऑफिसात जाणारा नवरा, शंकेखोर पोलीस. त्यांची टर उडवणं हाच गेमचा हेतू, तो थर आजही चालतो. दुसरा थर २००५ चा. तेव्हाच्या लिहिणाऱ्यांना जे सहज गमतीचं वाटलं ते. बायकांवरचे काही शेरे, समलैंगिकांवरचे काही टोमणे या थरात येतात. पहिल्या थरात आपण १९५९ च्या माणसाला हसतो. दुसऱ्यात लेखक आपल्याबरोबर हसायला मागतो, आणि आपण गप्प बसतो.

आपल्याकडं हा प्रश्न वेगळ्या पद्धतीनं सुटतो. वगनाट्याचंच बघा. वसंत सबनीस यांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६० च्या दशकात गाजलं आणि त्यातला दादा कोंडके यांचा हवालदार रोज नवं बोलायचा. त्या आठवड्याचं राजकारण, त्या गावचा पुढारी, पुढच्या रांगेतला प्रेक्षक, काहीही चालायचं. 'गाढवाचं लग्न'मध्ये दादू इंदुरीकर यांनी सावळ्या कुंभार रंगवला, पुढं २००७ मध्ये त्याच वगावरच्या सिनेमात मकरंद अनासपुरे यांनी. सावळ्या तोच, पण बोलणं त्या त्या माणसाचं. वगाला लिहिलेली संहिता असते, पण जोक पडला तर नट दुसऱ्या दिवशी तो बदलतो. म्हणजे तमाशाचा रीमेक रोज रात्री होत असतो.

गेममध्ये ही सोय नाही. नटानं स्टुडिओत एकदा वाक्य म्हटलं, ते तिथंच गोठलं. वीस वर्षांनी कुणी बटण दाबलं तरी तेच वाक्य, त्याच सुरात. मग रीमेक करणाऱ्यापुढं तीनच वाटा राहतात. नवं रेकॉर्डिंग करून जोक बदला, कात्री लावा, किंवा आहे तसं ठेवून पाटी लावा. ब्लॅक फॉरेस्टनं तिसरी घेतली.

मला ती वाट अर्धीच पटते. मूळ लिहिणारे दुसरे, त्यांचं बोलणं परक्यानं दुरुस्त करू नये, हे बरोबर. जुनी वस्तू जुनी म्हणूनच दिसावी, हेही बरोबर. मूळ लोक कामावर नसताना त्यांच्या तोंडी नवी वाक्यं घालणं जास्त वाईट झालं असतं. पण मग पडद्यामागं चाललेलं बाकीचं काम आठवा. चेहरे बदलले, चाल बदलली, गाळलेला भाग परत जोडला. एवढं बदलल्यावर 'आम्ही फक्त मूळ जपलं' असं म्हणणं थोडं सोयीचं वाटतं. आवाज परत रेकॉर्ड न करणं स्वस्तही पडतं, हे विसरू नका. जे पडलेले जोक आहेत, ते सगळ्यांना दिसतात, आणि ते काढले असते तर क्रिप्टोचं काही बिघडलं नसतं. तो विनोदी आहे तो त्याच्या फुशारकीमुळं. स्वतःला विश्वाचा राजा समजणारा हा बुटका पाण्यात पडला तर वाचत नाही, या एका गोष्टीत पन्नास टोमण्यांइतकं हसू आहे.

समीक्षकांचंही साधारण असंच म्हणणं पडलं. तोडफोड झकास, चित्र देखणं, मिशन तेच ते, जोक कुठं लागतात कुठं नाही. जुन्या खेळाडूंनी मात्र त्याला उचलून धरलं, आणि दुसऱ्या भागाचाही रीमेक झाला.

दुसऱ्या भागात पेच वाढला

'डिस्ट्रॉय ऑल ह्युमन्स! २ – रीप्रोब्ड' ३० ऑगस्ट २०२२ ला आला. काळ १९६९ चा, हिप्पी, रशियन गुप्तहेर, आणि अमेरिकेच्या बाहेर लंडनसारखं एक शहर, जपानसारखं एक बेट. पहिल्या भागात अमेरिकन माणूस स्वतःच्याच घरात वेडा ठरत होता. दुसऱ्या भागात जपानी माणसाच्या बोलण्याच्या लकबीवर हसायचं होतं. टिंगल ताकदवानाची केली तर ती वेगळी लागते आणि परक्याच्या उच्चारांची केली तर वेगळी. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, कारण मराठी मालिकांत विनोदी गडी-नोकर हटकून त्याच्याच बोलीत बोलत आलाय. इथंही तीच सूचना लावली, इथंही जोक तसेच ठेवले, आणि इथं ते जास्त टोचले.

खेळायचा असेल तर

पहिल्या भागाचा रीमेक पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आहे, २९ जून २०२१ पासून निंटेंडो स्विचवरही. फोनवर शोधत बसू नका. मागचं काही माहीत नसलं तरी चालतं, गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. संवाद इंग्रजीत, पण सबटायटल चालू ठेवा. ऑर्थोपॉक्स बोलतो फार पटपट, आणि मन वाचतानाचे शेरे त्या गोंधळात निसटून जातात. घाईनं मिशन संपवण्यापेक्षा रॉकवेलच्या जत्रेत अर्धा तास नुसतं लोकांची मनं वाचत फिरलात तर पैसे वसूल.

घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासमोर लावू नका. रक्त फारसं नाही, पण ती मघाशी नाव न सांगितलेली बंदूक आहे.

दुसरा भाग पीसी, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एसवर मिळतो. त्यात एकच टीव्ही अर्धा-अर्धा वाटून दोघांना एकत्र खेळता येतं. जून २०२३ मध्ये तो प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठीही आला, पण तिथं ही दोघांची सोय काढून टाकलीय. मित्राला घरी बोलावून खेळायचं ठरवलं असेल तर विकत घ्यायच्या आधी आपला कन्सोल कोणता आहे ते बघून घ्या.